जोडलेले आंदोलक ताल कसा धरतात, आणि कधी थांबूनच का जातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अरेषीय आंदोलक एकमेकांना जोडले की ते एका तालात येतात, तो अनुनादाचाच एक प्रकार का? प्रश्नकर्त्याने शंभर आंदोलकांचे कुरामोतो मॉडेल (प्रत्येकजण प्रत्येकाशी जोडलेला असे गणिती मॉडेल) चालवून पाहिले. कपलिंग, म्हणजे जोडणीचा जोर, वाढवत नेले तरी बराच वेळ काही घडेना, आणि मग एकाएकी ताल जुळला. दुसऱ्या एका मॉडेलमध्ये दोनच आंदोलक होते. तिथे कपलिंग वाढवल्यावर दोघेही चक्क थांबले. ‘कोड कुठे चुकतोय?’ असे त्यांनी विचारले आहे.

कोड बहुधा बरोबर आहे. जे दिसले ते तिन्ही खरे आहे. चुकतेय ते डोक्यातले चित्र: कपलिंग म्हणजे दोरी, जितकी ओढू तितके दोघे जवळ येतील. हे चित्र मीही बरीच वर्षे बाळगले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी अनुनादाचा गोंधळ मिटवू. अनुनादात एक ढकलतो आणि दुसरा हलतो. ढकलणे थांबले की हलणेही विरते. सिंक्रोनायझेशनसाठी, म्हणजे ताल जुळण्यासाठी, दोघेही स्वतःच्या बळावर चालणारे लागतात. प्रत्येकाकडे ऊर्जेचा आपला स्रोत हवा आणि ती ऊर्जा कोणत्या क्षणी घ्यायची हे ठरवणारी आपली यंत्रणाही हवी. लंबकाचे घड्याळ असे असते, हृदयातल्या पेसमेकर पेशी अशाच असतात, इलेक्ट्रॉनिक ऑसिलेटरही. कसोटी सोपी आहे: मधला दुवा मनातल्या मनात कापून टाका. दोघेही आपापल्या ठेक्यावर चालत राहिले तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे. दोन साधे लंबक एका आडव्या दोरीला टांगले की ऊर्जा आळीपाळीने इकडून तिकडे जाते, पाहायला मजा येते, पण ते सिंक्रोनायझेशन नव्हे. ती व्यवस्था रेषीय आहे. सुरुवात जशी केली तशीच चाल शेवटपर्यंत टिकते (घर्षणाने थांबेपर्यंत), आणि कोणीही आपली वारंवारता सोडून दुसऱ्याशी तडजोड करत नाही.

मग अरेषीयतेने नेमके काय मिळते? लंबकाच्या घड्याळाचा लंबक हाताने जरा जास्त झुलवून सोडा. काही वेळात तो आपल्या नेहमीच्या झोक्यावर परत येतो. कमी झुलवला तरी येतो. गणितात या ठरलेल्या झोक्याला लिमिट सायकल म्हणतात. आता तोच लंबक टोकाला दोन सेकंद धरून ठेवा आणि सोडा. झोका पूर्ववत होईल, पण घड्याळ दोन सेकंद मागे पडले ते कायमचे. आपण मागे पडलो आहोत हे कळण्याचा घड्याळाकडे काही मार्गच नसतो. म्हणजे आयाम (झोक्याचा पल्ला) बिघडला तर त्याला परत आणणारे कोणीतरी आहे, फेज (फेरीत आपण नेमके कुठे आहोत ते) सरकली तर तिला परत आणणारे कोणीही नाही. त्यामुळे आयाम बदलायला जोर लागतो, आणि फेज मात्र अगदी बारीक धक्क्यांनीही, ते योग्य क्षणी पडत राहिले तर, हवी तितकी सरकवता येते.

सगळा विषय याच एका गोष्टीवर उभा आहे. कपलिंग कमकुवत असले तरी ताल जुळू शकतो, कारण ते अशा जागी हात घालते जिथे विरोधच नसतो.

क्रिस्तियान हायगेन्सने हे पहिल्यांदा पाहिले ते फेब्रुवारी १६६५ मध्ये, आजारपणामुळे खोलीत पडून असताना. समुद्रावर रेखांश काढता यावा म्हणून बनवलेली दोन लंबकाची घड्याळे एकाच आधाराला टांगलेली होती. त्यांचे लंबक बरोबर उलट्या दिशांनी, अगदी तंतोतंत झुलत होते. मुद्दाम बिघडवले तरी सुमारे अर्ध्या तासात ते पुन्हा तसेच जुळत. आधी त्याला वाटले हवेच्या झोतांमुळे होत असावे. मग लक्षात आले की डोळ्यांना न दिसणारी आधाराची सूक्ष्म थरथर एका घड्याळाची खबर दुसऱ्याला पोचवते आहे. उलट्या दिशेनेच का? दोन्ही लंबक एका बाजूला गेले तर आधार हलतो आणि घर्षणात ऊर्जा जाते. उलट गेले तर त्यांचे धक्के एकमेकांना मारतात, आधार शांत राहतो, आणि ती चाल टिकते. याउलट, हलत्या फळीवर ठेवलेले मेट्रोनोम बहुतेकदा एकाच दिशेने झुलू लागतात. तेव्हा ‘एका तालात’ याचा अर्थ ‘एकत्र’ असाच घेऊ नका. फेजमधला फरक ठरावीक मर्यादेत राहिला की झाले. तो शून्य असो, १८० अंश असो की ३७.

हायगेन्सच्या प्रयोगाची २००२ मध्ये जॉर्जिया टेकमधल्या एका गटाने फेरमांडणी केली, आणि त्यात दोघे थांबले का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर लपले आहे. आधार हलका ठेवून कपलिंग वाढवले, तर एक घड्याळ बंद पडे! लंबकाचा झोका इतका कमी होई की घड्याळाची यंत्रणा त्याला पुढचा धक्काच देऊ शकत नसे. याकडे परत येतो.

आता दोन आंदोलकांचे गणित. कपलिंग कमकुवत असेल तर प्रत्येकाचे सगळे तपशील बाजूला ठेवून फक्त फेजमधला फरक पाहिला तरी चालते. तो फरक बदलण्याचा वेग म्हणजे मूळ वारंवारतांमधला फरक, वजा कपलिंग गुणिले फेजफरकाची साइन. रेडिओच्या क्षेत्रात १९४६ पासून हे अॅडलरचे समीकरण म्हणून ओळखले जाते, आणि माझ्या मते सिंक्रोनायझेशन शिकायचे असेल तर पहिला आठवडा याच्यावरच घालवावा. कपलिंग १ धरा. साइनची किंमत १ च्या पुढे जात नाही, म्हणून वारंवारतांमधला फरक १ पेक्षा कमी असेल तरच दोघे जुळतील. फरक ०.५ असेल तर फेजफरक ३० अंशांवर स्थिरावतो, ०.९ असेल तर सुमारे ६४ अंशांवर, १ झाला की ९० अंशांवर, आणि त्यापुढे पकड सुटते. वेगवान आंदोलक थोडा पुढे राहतो आणि सावकाश चालणारा मागे. वारंवारता मात्र दोघांची एकच होते.

पकड सुटते तीही एकदम नाही. बहुतेकांची फसगत इथेच होते. फरक १.०१ असेल तर फेज ९० अंशांजवळ बराच काळ रेंगाळते आणि मग एकदम पूर्ण फेरी मारून पुन्हा तिथेच येऊन बसते. कपलिंग नसते तर अशी एक फेरी ६.२ एकक वेळात झाली असती, इथे ४४ लागतात. फरक १.००१ केला तर १४०. आता तुम्ही सिम्युलेशन १०० एककांवर थांबवले तर आलेखात सपाट रेषा दिसेल आणि ‘सिंक झाले’ असे लिहून तुम्ही मोकळे व्हाल. प्रत्यक्षात ते झालेलेच नाही, ते फक्त घसरायच्या बेतात आहे. सीमेजवळच्या कोणत्याही निकालावर मी सिम्युलेशन दहापट लांबवल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

शंभर आंदोलकांकडे वळू. योशिकी कुरामोतोने १९७५ मध्ये मांडलेले मॉडेल म्हणजे वरचेच समीकरण, फक्त प्रत्येकजण प्रत्येकाशी जोडलेला. कल्पनेची पायवाट आर्थर विनफ्रीने १९६७ मध्येच पाडली होती. कुरामोतोने ती सोडवता येईल अशा रूपात आणली. सगळ्यांच्या फेजचे बाण एका वर्तुळावर काढून त्यांची सरासरी घ्या. त्या सरासरी बाणाची लांबी म्हणजे ‘आर’: सगळे विखुरलेले असतील तर शून्याजवळ, सगळे एकत्र असतील तर १. गंमत अशी की प्रत्येक आंदोलकाला इतर ९९ जण वेगवेगळे जाणवत नाहीत. त्याला फक्त हा एक सरासरी बाण जाणवतो, आणि त्याची ओढ कपलिंग गुणिले आर एवढी असते.

तुम्हाला दिसलेला उंबरठा या गुणाकारातून येतो. सगळे विखुरलेले असताना आर जवळपास शून्य, म्हणून ओढही शून्य. ओढ नाही म्हणून कोणी जुळत नाही, आणि कोणी जुळत नाही म्हणून आर वाढत नाही. योगायोगाने चारदोन जण जवळ आले तरी कमी कपलिंगमध्ये ते लगेच पांगतात. एका विशिष्ट किमतीपुढे मात्र ते पांगण्याआधी आणखी काहींना ओढून घेतात, आर वाढतो, ओढ वाढते, त्याने आणखी येतात. ज्यांची वारंवारता सरासरीच्या जवळ आहे ते आधी अडकतात, टोकाचे सगळ्यात शेवटी, आणि काही तर कधीच नाही. आर ०.७ असतानाही गर्दीतले काही आंदोलक आपल्याच नादात फिरत असतात. आलेखात तेही दाखवा. फक्त आर काढला तर हे सारे झाकले जाते.

उंबरठ्याची किंमत काढता येते: २ भागिले, पाय गुणिले वारंवारतांच्या वाटणीची मधल्या बिंदूवरची उंची. तुम्ही बहुधा गाउसीय वाटणी घेतली असेल. प्रमाण विचलन १ असेल तर उंबरठा सुमारे १.६० येतो. तुमच्या आलेखात आर साधारण तिथून उचलायला लागतो का, ते पाहा. लागत असेल तर कोडवरचा संशय सोडून द्या.

मात्र शंभर हा आकडा लहान आहे. अजिबात कपलिंग नसतानाही शंभर यादृच्छिक बाणांची सरासरी शून्य येत नाही, ती ०.०९ च्या आसपास घुटमळते. वारंवारतांची लोरेंट्झ वाटणी (गाउसीयपेक्षा लांब टोकांची) घेतली तर आर किती असायला हवा याचे नेमके सूत्र मिळते: १ वजा, उंबरठा भागिले कपलिंग, आणि त्याचे वर्गमूळ. उंबरठ्याच्या दुप्पट कपलिंगला ०.७१, दहा टक्के वरती ०.३०, आणि एक टक्का वरती ०.१०. ही शेवटची किंमत आणि शंभर आंदोलकांचा निव्वळ योगायोग यांत फरक कसा करणार? करता येत नाही. आंदोलक दहा हजार करा, योगायोगाची पातळी ०.०१ पर्यंत उतरते. गणनेचा बोजा वाढेल अशी भीती नको. जोडीजोडीने बेरीज करण्याऐवजी आधी सरासरी बाण काढा आणि तोच सगळ्यांना लावा, म्हणजे काम आंदोलकांच्या संख्येच्या वर्गाने न वाढता संख्येच्या प्रमाणात वाढते. लोरेंट्झ वाटणीत मात्र एखाददुसरा आंदोलक भन्नाट वेगाचा निघतो, त्यामुळे वेळेची पायरी बारीक ठेवा. नाहीतर तो एकटा वेडेवाकडे आकडे देत बसतो.

आता तो थांबण्याचा प्रकार. तुमच्या दुसऱ्या मॉडेलच्या वर्णनावरून ते स्टुअर्ट–लँडाऊ आंदोलक दिसतात. त्यात फेजबरोबर आयामही मोकळा असतो, आणि फक्त फेज मोजणाऱ्या कुरामोतोच्या मॉडेलमध्ये हा प्रकार दिसणेच शक्य नाही. कपलिंग ‘दुसरा वजा मी’ या रूपात असते ना? त्याचे दोन तुकडे करा. ‘दुसरा’ हा भाग मला ओढतो, ‘वजा मी’ हा भाग सरळसरळ ब्रेक आहे. दुसऱ्याची वारंवारता माझ्यापेक्षा फार वेगळी असेल तर त्याची ओढ कधी पुढे, कधी मागे अशी सारखी बदलते आणि सरासरीत उडून जाते. ब्रेक मात्र जागेवरच राहतो. कपलिंग माझ्या वाढीच्या दरापेक्षा जास्त झाले की मी थांबणार, आणि त्याच कारणाने तोही थांबणार. वाढीचा दर १ आणि वारंवारतांमधला फरक ४ घेऊन करून पाहा. कपलिंग १ ते २.५ या पट्ट्यात दोघेही गप्प होतात. २.५ च्या पुढे नेले की पुन्हा जागे होतात, आणि या वेळी एकाच वारंवारतेने. हे आकडे हाताने, दोन ओळींच्या आयगेनव्हॅल्यूच्या हिशेबाने निघतात. तो हिशेब जरूर करा. या घटनेला आयाम-मृत्यू असे भारदस्त नाव आहे. लॉर्ड रॅलेने एकोणिसाव्या शतकात ऑर्गनच्या शेजारी शेजारी असलेल्या दोन नळ्या एकमेकींना जवळजवळ गप्प करतात, हे नोंदवून ठेवले होते.

जास्त कपलिंगचा फटका आणखीही एका ठिकाणी बसतो. गोंधळी, म्हणजे केऑटिक, आंदोलकही एकमेकांशी जुळू शकतात. पेकोरा आणि कॅरोल यांनी १९९० मध्ये ते दाखवले. पण रॉस्लर आंदोलक (तीन चलांचे एक प्रसिद्ध गोंधळी मॉडेल) जर फक्त पहिल्या चलातून जोडले, तर कपलिंगच्या एका मर्यादित पट्ट्यातच ते जुळतात. कमी पडले तरी सुटतात, जास्त झाले तरी सुटतात.

वीजजाळ्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही, कारण तिथे हे सगळे खऱ्या लोखंडावर घडते. सिंक्रोनस जनित्रे ५० किंवा ६० हर्ट्झला एकमेकांशी जुळून फिरतात, आणि त्यांचे समीकरण कुरामोतोचेच असते, त्यात भर जडत्वाची. या जडत्वामुळे एक नवीनच अडचण येते. जुळलेली अवस्था अस्तित्वात आहे, लहान धक्क्यांना ती स्थिरही आहे, पण मोठा धक्का बसला तर जनित्र तिच्यातून बाहेर पडते आणि आपोआप परत येत नाही. फेजच्या साध्या मॉडेलमध्ये दोन आंदोलकांबाबत असे होत नाही. म्हणून वीजजाळ्याबद्दल विचारणाऱ्याला ‘कपलिंग उंबरठ्याच्या वर आहे’ एवढे सांगून भागत नाही.

लंडनच्या मिलेनियम पुलाचे उदाहरण मी हल्ली सुरुवातीला देत नाही. १० जून २००० रोजी तो पादचाऱ्यांसाठी उघडला, गर्दीत आडवा डोलू लागला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला. डॅम्पर बसवून २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. माणसांची पावले पुलाशी आणि त्यामुळे एकमेकांशी जुळली, असे स्पष्टीकरण सगळीकडे दिले जाते, आणि २००५ मध्ये कुरामोतोच्या धर्तीचे एक मॉडेलही प्रसिद्ध झाले. पण नंतरच्या अभ्यासांनी वेगळीच शक्यता पुढे आणली. हलत्या जमिनीवर तोल सांभाळताना माणूस पाऊल जसे टाकतो, त्यातूनच पुलाला ऊर्जा मिळते, म्हणजे पावले एका तालात नसली तरी पूल डोलू शकतो. ताल जुळणे हे कारण न राहता परिणाम ठरू शकते. दिसायला सिंक्रोनायझेशन, पण गाडा ओढणारा दुसराच कोणी, असे या विषयात वारंवार होते.

याचा अनुभव मला फार आधी, ब्रेडबोर्डवर आला. दोन टायमर आयसी लावून दोन ऑसिलेटर बनवले होते, दोघांत जाणूनबुजून थोडा फरक ठेवला होता आणि बीट्स (दोन जवळच्या वारंवारता मिळून होणारा आवाजाचा चढउतार) ऐकवायचे होते. बीट्स काही येईनात. पोटेन्शिओमीटर फिरवला तरी दोघांची वारंवारता एकमेकींना चिकटून सरके, आणि बरेच फिरवल्यावर एकदम उडी मारून वेगळी होई. त्यांच्यात एकही तार मी जोडलेली नव्हती. जोडलेला होता तो वीजपुरवठा. प्रत्येक वेळी एक आयसी पलटला की पुरवठ्याच्या तारेत छोटा खड्डा पडे आणि दुसऱ्याला तो जाणवे. प्रत्येक आयसीच्या पायाशी एकेक कपॅसिटर लावला आणि बीट्स सुरू झाले. त्या दुपारी वैतागलो होतो, पण फुकटात एक उत्तम प्रयोग झाला होता.

त्या प्रयोगातली एकच गोष्ट मी पुढे कायम वापरली. ताल खरोखर जुळला आहे का, हे ओळखायची खात्रीची रीत म्हणजे एकाची मूळ वारंवारता हळूहळू बदलणे आणि दुसरा सोबत येतो का ते पाहणे. वारंवारतांमधला फरक एका पट्ट्यात शून्यावर सपाट राहिला आणि टोकाला वर्गमूळासारखा वर उचलला, तर शंका नको. निव्वळ नोंदींवरून, म्हणजे तयार डेटावरून हे ठरवणे फार कठीण आहे. जवळजवळ सारख्या वारंवारतेची दोन घड्याळे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवली तरी थोड्या वेळाच्या नोंदीत त्यांचा सहसंबंध उत्तम येतो. अरुंद फिल्टर लावला तर शुद्ध गोंगाटाच्या दोन नोंदीही काही काळ एकमेकींच्या फेजला धरून चालल्यासारख्या वाटतात. आणि तिसऱ्याच कोणाच्या तालावर दोघे नाचत असतील, तर तो प्रकार डेटामध्ये कपलिंगसारखाच दिसतो.

तेव्हा तुमच्या सिम्युलेशनचे असे करा. शंभर आंदोलक आठवडाभर बाजूला ठेवा. दोनच घ्या, कपलिंग १ ठेवा, वारंवारतांमधला फरक ० पासून १.५ पर्यंत ०.०१ च्या पायऱ्यांनी वाढवा, आणि प्रत्येक पायरीवर सुरुवातीची दोनशे एकके सोडून देऊन पुढच्या दोन हजार एककांतली सरासरी फेज-गती काढा. १ पर्यंत ती शून्य आणि १.०१ ला साधारण ०.१४ यायला हवी. आली नाही तर कोड मला दाखवा.